उतारा कोणाच्या हाती?



'उतारा' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत लहान पोरालाही ठाऊक असतो. साप चावला, चुकून विष पोटात गेले, की पहिला प्रश्न निघतो तो हा, की उतारा कुठे मिळेल? एके काळी सर्पदंशावरची लस असायची मोठ्या गावच्या इस्पितळात आणि साप असायचा शेताच्या बांधावर. त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर माणूस दगावायचा. औषध होते, डॉक्टर होता, गाडीभाड्याला पैसे देणारा शेजारीही होता. नव्हता तो फक्त वेळ. म्हणून ती लस प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणावी लागली.

आज जी हकीकत सांगायची आहे ती आपल्या देशातली नाही, अमेरिकेतली आहे. पण तिच्या मुळाशी प्रश्न हाच आहे. तिथे एका विषावर खात्रीचा उतारा होता. तो स्वस्तात करता येण्याजोगा होता, बिनधोक होता. तरी कित्येक वर्षे तो वेळेला हाताशी नसे, कारण ज्याच्या हाती तो असायला हवा त्याच्या हाती द्यायला कायद्याची परवानगी नव्हती. मग एकेका राज्याच्या विधिमंडळाने ही गाठ कशी सोडवली, आणि कायदा झाल्यावरही काय काय उरले, ते आपण पाहू.

विष म्हटले ते अफूच्या जातीचे. अफू आपल्याला परकी नाही. मध्य प्रदेशात मंदसौर आणि नीमचच्या बाजूला आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि तिच्यापासून औषधे बनतात. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना निजवून ठेवण्यासाठी अफूची बाळागोळी देत, याच्या नोंदी शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत. कधी मात्रा चुके, आणि निजलेले मूल उठतच नसे. हे जे 'उठत नसे', त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

आपण गाढ झोपेत असलो तरी श्वास चालू असतो. तो चालवणारे केंद्र मेंदूच्या बुडाशी असते. अफू, तिच्यापासून काढलेले मॉर्फिन, त्यापासून केलेले हेरॉइन, किंवा कारखान्यात बनवलेले फेंटॅनिल, ही सारी द्रव्ये मेंदूतल्या काही ठराविक जागी जाऊन बसतात. तिथे बसली की वेदना कमी होतात, गुंगी येते. मात्रा जास्त झाली की श्वास चालवणारे केंद्रही पेंगू लागते. श्वास मंद होतो, घोरल्यासारखा किंवा घुरघुर असा आवाज येतो, ओठ आणि नखे निळसर पडतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हाक मारली तरी माणूस ओ देत नाही. मग श्वास थांबतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की काही मिनिटांतच कायमची हानी होऊ लागते. म्हणजे वेळ तासांचा नसतो, मिनिटांचा असतो.

यावरचा उतारा म्हणजे नॅलोक्झोन नावाचे औषध. हे औषध त्या जागांवर बसलेल्या अफूच्या अंशाला उठवते आणि स्वतः तिथे बसते. पण बसून स्वतःचा कसलाच अंमल चालवत नाही. गुंगी नाही, नशा नाही. नाकात फवारा मारला तर बहुधा दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घेऊ लागतो. आणि त्या माणसाने अफूच्या जातीचे काही घेतलेलेच नसेल, तो दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध असेल, तरी या औषधाने त्याला सहसा अपाय होत नाही. हा गुण ध्यानात ठेवा. अंदाज चुकला तरी नुकसान होत नाही, असे औषध पंचाक्षऱ्याच्या हातीही द्यायला हरकत नाही, मग पोलीस शिपायाच्या हाती द्यायला कशाला असावी?

नॅलोक्झोनच्या शोधाचे पेटंट १९६१ सालचे. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या दोन शास्त्रज्ञांची नावे त्यावर आहेत. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. तेव्हापासून ते इस्पितळात आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांच्या हाताशी राहिले. पण मात्रा जास्त झालेला माणूस शस्त्रक्रियेच्या खोलीत पडत नाही. तो पडतो घराच्या न्हाणीघरात, मोटारीत, बागेच्या बाकावर, वाचनालयाच्या संडासात. दैवाचा खेळ असा की, २००३ मध्ये याच फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. ज्याने उतारा शोधला, त्याच्याच घरात तो वेळेला पोचला नाही.

आता हे संकट किती मोठे, तेही ऐका. १९९९ मध्ये अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे १७ हजार माणसे मेली. २०२१ मध्ये हा आकडा १ लाख ६ हजारांच्या पुढे गेला, आणि त्यांतले ८० हजारांहून अधिक मृत्यू अफूच्या जातीच्या द्रव्यांमुळे होते. हे झाले कसे? १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आली. तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना पटवण्यात आले. पुढे २००७ मध्ये त्या गोळीविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने न्यायालयात कबूल केला. पण तोवर लाखो लोक गोळीत अडकले होते. गोळ्यांवर निर्बंध आले तसे पुष्कळ जण हेरॉइनकडे वळले. २०१३ च्या सुमारास चोरट्या फेंटॅनिलचा सुळसुळाट झाला. फेंटॅनिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जोरकस असते. मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी भुकटी माणसाचा जीव घ्यायला पुरते. म्हणजे पहिल्यांदा मिनिटे थोडी होती, ती आता आणखी थोडी झाली.

मग औषध असताना अडचण काय? अडचण कायद्याची होती, आणि तिच्या गाठी चार होत्या.

पहिली गाठ चिठ्ठीची. नॅलोक्झोन हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारे औषध. चिठ्ठीचा नियम सगळीकडे सारखाच असतो: डॉक्टरने रोगी तपासावा, आणि त्या रोग्याच्या नावाने औषध लिहावे. नियम चांगलाच आहे. पण इथे गंमत पाहा. बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात फवारा मारू शकत नाही. औषध ज्याच्या नावावर, तो बेशुद्ध. आणि जो शुद्धीवर, त्याच्या नावावर औषध नाही! आईला वाटले, आपल्या मुलासाठी घरात एक फवारा ठेवावा, तर डॉक्टरने तिला ते लिहून देणे नियमात बसत नव्हते.

दुसरी गाठ संस्थांची. पोलीस ठाणे, आगीच्या बंबाचे ठाणे, शाळा, वाचनालय, तुरुंग, ही काही रोगी नव्हेत. त्यांच्या नावाने चिठ्ठी कोण लिहिणार? त्यांनी औषध विकत घ्यायचे कोणत्या अधिकाराने, ठेवायचे कोणत्या कपाटात, आणि कारकुनाच्या किंवा शिपायाच्या हाती द्यायचे कोणाच्या हुकमाने?

तिसरी गाठ भीतीची. समजा, वाचनालयाच्या कारकुनाने धीर करून फवारा मारला, आणि तरी तो माणूस गेला. तर उद्या त्याचे नातेवाईक कारकुनावर आणि वाचनालयावर दावा लावणार नाहीत कशावरून? अमेरिकेत दाव्यांचे भय मोठे.

चौथी गाठ सोबत्याची. जो पडला त्याच्याजवळ बहुधा त्याच्यासारखाच एखादा असतो. त्याने ९११ या क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिकेबरोबर पोलीसही येणार, आणि खिशातल्या पुडीसाठी त्यालाच धरणार. मग तो मित्राला तिथेच टाकून पळतो.

या चारही गाठी सोडवायच्या होत्या त्या राज्यांच्या विधिमंडळांनी, कारण डॉक्टर, औषधविक्रेते आणि पोलीस यांचे बरेचसे नियम तिथे राज्यांच्या अखत्यारीत येतात. ५० राज्ये, म्हणजे ५० कायदे.

खरे सांगायचे तर, कायद्याच्या आधी माणसेच पुढे आली. १९९६ मध्ये शिकागोतील एका स्वयंसेवी संस्थेने व्यसनी लोकांना आणि त्यांच्या सोबत्यांनाच नॅलोक्झोन वाटायला आणि वापरायला शिकवायला सुरुवात केली. पुढे ठिकठिकाणी अशा संस्था निघाल्या. १९९६ पासून २०१४ पर्यंत अशा संस्थांनी १ लाख ५२ हजारांवर सामान्य माणसांना हे औषध दिले, आणि त्यांच्याकडून २६ हजारांवर प्रसंगी माणूस परत श्वास घेऊ लागल्याच्या नोंदी आल्या. हे आकडे तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ही कामगिरी ना डॉक्टरांची, ना परिचारिकांची. ती तुमच्या-आमच्यासारख्या, आणि पुष्कळदा समाजाने टाकलेल्या माणसांची आहे.

कायद्यात पहिले पाऊल टाकले न्यू मेक्सिको राज्याने, २००१ मध्ये. सामान्य माणसाने हे औषध दिले तर त्याला दाव्यापासून अभय, अशी तरतूद तिथे झाली. त्याच राज्याने २००७ मध्ये चौथी गाठही सोडवली: मदतीसाठी फोन करणाऱ्याला जवळच्या पुडीबद्दल शिक्षा होणार नाही. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी शहराच्या पोलिसांनी गस्तीवरच्या प्रत्येक शिपायाजवळ नाकात मारायचे नॅलोक्झोन देण्यास आरंभ केला. पोलीसच का, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. पुष्कळ ठिकाणी रुग्णवाहिकेच्या आधी पोलिसांची गाडी पोचते. खेड्यांत तर ही गोष्ट अधिकच खरी. तिथे रुग्णवाहिका दुरून यायची, तिच्यावर बहुधा प्राथमिक शिक्षण घेतलेले सेवक असायचे, आणि अनेक राज्यांच्या नियमांप्रमाणे त्या सेवकांनासुद्धा हे औषध देण्याची मुभा नव्हती! म्हणजे जिथे इस्पितळ लांब, तिथेच उताराही लांब.

२०१४ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचे. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने १३९ क्रमांकाचा कायदा केला आणि पोलीस, आगवाले, तसेच व्यसनी माणसाचे नातेवाईक आणि मित्र यांना औषध जवळ ठेवून देण्याची वाट मोकळी केली. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने माध्यमिक शाळांत ते ठेवण्याचे बंधन घातले. त्याच सुमारास बऱ्याच राज्यांत एक नवी युक्ती रूढ झाली. राज्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने, एका रोग्याच्या नावे नव्हे तर गरज असलेल्या कोणाच्याही नावे, एकच कायमची चिठ्ठी लिहून ठेवायची. मग कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन माणसाने ते घ्यावे. २०१७ च्या मध्यापर्यंत पन्नासही राज्यांत या ना त्या रूपाने कायदा झाला होता.

या कायद्यांचे अंतरंग कसे असते हे कळावे म्हणून मिशिगन राज्याचे उदाहरण घेऊ. मोठ्या सरोवरांच्या काठचे हे राज्य. मोटारींचे कारखाने असलेले डेट्रॉइट शहर यातच येते. तिथे २०१४ चा जो कायदा झाला तो पोलीस आणि आगवाले यांच्यापुरता होता. २०१९ मध्ये विधिमंडळाने तो रुंद केला, आणि राज्याच्या व स्थानिक कारभाराच्या इतर संस्थांनाही, सार्वजनिक वाचनालयांसकट, त्यात घेतले. कायद्याचा गाभा तीन वाक्यांत सांगता येईल. संस्था हे औषध विकत घेऊन ठेवू शकेल आणि आपल्या सेवकांना देऊ शकेल. ज्या सेवकाला ते वापरण्याचे शिक्षण मिळाले आहे, तो समोरच्या माणसाला अफूच्या द्रव्याची अतिमात्रा झाली आहे असे वाटण्यास कारण असेल तर ते देऊ शकेल. आणि सद्भावनेने दिले असेल, घोर निष्काळजीपणा केला नसेल, तर त्या सेवकावर किंवा संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही.

शिक्षक मित्रांनो, व्याकरण शिकवताना आपण क्रियापदावर भर देतो. या कायद्यातले क्रियापद पाहा: 'शकेल'. 'ठेवलेच पाहिजे' असे तो म्हणत नाही. ऱ्होड आयलंडने शाळांना 'पाहिजे' म्हटले. मिशिगनने संस्थांना 'शकेल' म्हटले. 'शकेल' म्हणणारा कायदा कुलूप काढून ठेवतो, पण दार ढकलायचे काम त्या गावावर सोडतो. दार ढकलायला पैसा लागतो, शिकवणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे मन लागते. ज्या गावाला आपल्यात असा कोणी आहे हे कबूलच करायचे नसते, ते गाव 'शकेल' या शब्दाच्या आडोशाला आरामात बसून राहते. उलट, 'पाहिजे' म्हणून पैसा न देणारा कायदा गरीब संस्थेच्या गळ्यात नुसती धोंड बांधतो. दोन्हींत खोट आहे. म्हणून कायदा चांगला की वाईट हे त्याच्या छापील प्रतीवरून ठरत नाही. तालुक्याच्या शेवटच्या कपाटात औषध आहे की नाही, यावरून ठरते.

वाचनालयांचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या मॅकफर्सन चौकातल्या वाचनालयाची हकीकत वर्तमानपत्रांतून गाजली. त्या वस्तीत हेरॉइनचा बाजार मोठा. वाचनालयाच्या हिरवळीवर आणि संडासात माणसे पडू लागली, आणि पुस्तके देणाऱ्या ग्रंथपालांना नॅलोक्झोन द्यायला शिकावे लागले. मुलांना गोष्टीची पुस्तके काढून देता देता मध्येच बाहेर धावायचे! हे ग्रंथपालाचे काम आहे का? नाही. पण त्या क्षणी तिथे दुसरे कोणी नव्हते. ज्या जागेचे दार सर्वांना उघडे, तिथे सर्व तऱ्हेचे दुःख आत येते. हे सार्वजनिक संस्थेचे ओझे आहे, आणि तिचा मोठेपणाही त्यातच आहे.

आता आक्षेपाकडे वळू. आपल्यापैकी काहींच्या मनात तो केव्हाच उठला असेल: नशेबाजाला वाचवून उपयोग काय? आज उठवाल, उद्या पुन्हा घेईल. उतारा हाताशी आहे म्हटल्यावर त्याची भीड अधिकच चेपेल. हा आक्षेप साध्यासुध्या लोकांचाच नव्हता. २०१६ मध्ये मेन राज्याचे राज्यपाल पॉल लपाज यांनी चिठ्ठीविना नॅलोक्झोन देण्याचे विधेयक याच विचाराने परत पाठवले. या औषधाने जीव वाचत नाही, पुढच्या अतिमात्रेपर्यंत लांबतो एवढेच, असा त्यांचा आशय होता. तिथे राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो, त्याच्या शब्दाला वजन असते. तरीही विधिमंडळाने त्यांचा नकार बहुमताने मोडून काढला आणि कायदा केला.

या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे. नॅलोक्झोनने व्यसन सुटत नाही. इतकेच काय, त्याचा अंमल साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत टिकतो, आणि अंगातले विष त्याहून अधिक वेळ राहिले तर माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. म्हणून औषध दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते. पुढे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी रीतसर उपचार करावे लागतात, कामधंदा आणि माणसांचा आधार द्यावा लागतो. पण मेलेल्या माणसावर यातला कोणताच उपचार करता येत नाही. व्यसन सोडण्याची पहिली अट म्हणजे माणूस जिवंत असणे. आणि जागे झाल्यावर काही चैन वाटत नाही. अंग मोडून येते, उलट्या होतात, तडफड होते. ती तडफड हौसेने ओढवून घेण्यासारखी नाही.

पुराव्याचेही पाहू. मॅसॅच्युसेट्समधल्या १९ गावांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांनी लोकांना हे औषध दिले आणि शिकवले, तिथे अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, न शिकवलेल्या काळाच्या आणि गावांच्या मानाने, कमी आढळले. जितके अधिक लोक शिकले तितके ते अधिक कमी झाले. शिवाय हे विसरू नका, की प्रत्येक अतिमात्रा नशेबाजाचीच असते असे नाही. आजीच्या उशाशी ठेवलेली वेदनेची गोळी तोंडात टाकणारे दोन वर्षांचे पोर असते. मात्रा चुकलेला कर्करोगाचा रोगी असतो. मित्राने दिलेली गोळी डोकेदुखीची समजून घेणारा शाळकरी मुलगा असतो, आणि त्या गोळीत फेंटॅनिल असते. फवारा हाती घेणाऱ्याने आधी चारित्र्याचा दाखला मागायचा म्हटले, तर तेवढ्यात यातले प्रत्येक जण मरेल.

मग कायद्यांनी सारे साधले का? नाही. २०१७ मध्ये सर्व राज्यांत कायदे होते, आणि तरी मृत्यूंचा आकडा पुढच्या काही वर्षांत आणखी चढला. फेंटॅनिलचा वेग कायद्याच्या वेगाहून मोठा होता. औषध महाग होते, दुकानदार ठेवत नव्हते, लोकांना मागायची लाज वाटे. आणि जो एकटाच बंद खोलीत पडला, त्याला फवारा कोण मारणार? पुढे २०२३ च्या मार्चमध्ये केंद्रीय औषध प्रशासनाने नाकात मारायचे नॅलोक्झोन चिठ्ठीविना विकायला मान्यता दिली. सप्टेंबरपासून ते दुकानाच्या फळीवर आले. पण तेव्हा दोन फवाऱ्यांच्या डबीची किंमत ४५ डॉलरच्या आसपास होती. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून शाळा, वाचनालये, पोलीस यांना ते फुकट पुरवण्याची योजना चालवली होती; २०२४ मध्ये त्याच राज्याने स्वतःच्या नावाची डबी २४ डॉलरला मिळवून दिली. औषधकंपन्यांकडून न्यायालयीन तडजोडीत मिळालेल्या पैशांतूनही काही राज्ये हे औषध विकत घेतात. २०२४ मध्ये मृत्यूंचा आकडा उतरून ८० हजारांच्या घरात आला. त्याची कारणे अनेक असावीत; गावोगावच्या हातांत पोचलेला उतारा हे त्यांतले एक मानले जाते. मात्र ८० हजार हाही आकडा लहान नव्हे.

आता या साऱ्याचा आपल्याला काय उपयोग? आपल्याकडे नॅलोक्झोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, इंजेक्शनच्या रूपात. आपले प्रश्न निराळे आहेत, आणि तिथला कायदा जसाच्या तसा उचलून आणावा असे माझे म्हणणे नाही. पण त्यातली एक गोष्ट आपणही शिकलो आहोत. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणारा माणूस पोलिसांच्या चौकशीला भिऊन मागे सरतो, हा आपला जुना अनुभव. २०१९ मध्ये मोटारवाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. त्याने नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. पाहा, तीच तिसरी गाठ, तसाच तिचा उकल. पण हे कलम आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे? शिक्षकांनी ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत ते एकदा वाचून दाखवावे. ज्यांची मुले शिकायला अमेरिकेत गेली आहेत, त्यांनी त्यांनाही सांगावे, की तिथल्या विद्यापीठात भिंतीवर नॅलोक्झोनची पेटी दिसली तर ती कशाची हे समजून घ्या आणि अनोळखी गोळी कधी तोंडात घालू नका.

आणि फवारा हाती आलाच, तर करायचे काय? क्रम सोपा आहे. हाक मारा, हलवून पाहा. ओ आली नाही तर आधी मदत बोलवा. माणसाला उताणा निजवून मान किंचित मागे करा, एका नाकपुडीत फवारा द्या. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. आणि मदत येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नका. हे सारे शिकायला एक दुपार पुरते.

तात्पर्य काय? औषध शोधणारा मोठा, ते देणारा डॉक्टर मोठा, यात वाद नाही. पण मिनिटांचा हिशेब असतो तेव्हा जवळ असतो तो शिपाई, शिक्षक, ग्रंथपाल, शेजारी. त्याच्यावर विश्वास टाकायला अमेरिकेतल्या राज्यांना औषध मान्य झाल्यापासून चाळीस-पन्नास वर्षे लागली. तो विश्वास टाकणे हेच त्या कायद्यांचे खरे कलम आहे. बाकीची कलमे त्याच्या तपशिलाची आहेत.

म्हणून उद्या शाळेत गेल्यावर एवढेच करा. प्रथमोपचाराची पेटी कोणत्या कपाटात आहे ते पाहा. आतली औषधे मुदतीची आहेत का, ते पाहा. आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तो सुटीवर असला तर ती कोणाकडे असते, एवढे विचारून घ्या.